पेन्सिलीची फुली

(बर दुबई, सप्टेंबर २००४. मीना बाजारच्या मागच्या गल्लीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. सकाळचे साडेनऊ झालेत. नीलिमा आंबोळ्या घालते आहे आणि तिची थोरली बहीण गिरिजा, कोकणातल्या एका जिल्हा परिषदेची सदस्य, ओट्याशी बसून नारळ खवते आहे. आतल्या खोलीत नीलिमाचा नवरा श्रीनाथ झोपलाय. वार शुक्रवार, तेव्हा अकराच्या आत तो उठायचा नाही.)

नीलिमा: म्हणजे तुम्हाला इथे लपवून ठेवलंय?

गिरिजा: लपवून कसं म्हणायचं? पेपरात छापून आलंय. 'तेवीस सदस्य अज्ञातस्थळी रवाना.' आणि खाली विमानतळावरचा आमचा फोटो.

नीलिमा: आणि उरलेले?

गिरिजा: उरलेले बावीस गोव्याला. त्यांचाही फोटो आहे. उद्या शनिवारी अकरा वाजता अध्यक्षपदाची निवडणूक, पंचेचाळीस जणांचं सभागृह. एक माणूस इकडचा तिकडे झाला की खुर्ची गेली. म्हणून निवडणूक लागली की मेंबरांना सहलीला न्यायचं, अशी पद्धतच आहे. लग्नाआधी नवरीला उन्हात जाऊ देत नाहीत ना, तसंच.

नीलिमा: पण एकदम दुबई? तेवीस जणांची तिकिटं?

गिरिजा: तेवीस कसले, एकतीस. आम्ही आठ बाया मेंबर आहोत, आमचे आठ नवरे नकोत का? मागच्या वेळी महाबळेश्वरला नेलं होतं. तिघं जण स्ट्रॉबेरी घेऊन येतो म्हणून खाली उतरले ते थेट पलीकडच्यांच्या गाडीत जाऊन बसले. चंद्रहासराव म्हणाले, या खेपेला मध्ये समुद्रच घालतो.

नीलिमा: चंद्रहासराव म्हणजे परवा तुला न्यायला आले होते ते, सफारीवाले? मला विचारत होते, 'इथली झेडपी कुणाच्या ताब्यात आहे?'

गिरिजा: तेच. आमचे गटनेते. काय सांगितलंस मग?

नीलिमा: म्हटलं, इथे झेडपी नसते हो. तर म्हणाले, मग रस्ते कोण करतं?

गिरिजा: त्यांना खरंच प्रश्न पडला असेल गं. झेडपी असून होत नाहीत, ते नसून कसे झाले?

नीलिमा: हळू हस, श्रीनाथ उठेल. आणि हा खर्च कोण करतं, ताई? मला तर विचारायलाही भीती वाटते.

गिरिजा: कागदावर हा अभ्यास दौरा आहे. 'वाळवंटी प्रदेशातील पाणीपुरवठा.' बुधवारी बस करून जबल अलीला नेलं, समुद्राचं पाणी गोडं करतात ते बघायला. गेटवर सिक्युरिटीनं विचारलं, परमिशन लेटर? ते कुणी आणलंच नव्हतं. मग गेटबाहेर फोटो काढला, भेळ खाल्ली आणि परत आलो.

नीलिमा: मग रिपोर्ट कशाचा देणार?

गिरिजा: अहवाल तर निघायच्या आधीच छापून झालाय. शेवटच्या पानावर शिफारस आहे, असाच दौरा महिला व बालकल्याण समितीनेही करावा.

नीलिमा: तू पण ना. मी इथे मंडळात सगळ्यांना सांगत फिरते, माझी बहीण झेडपी मेंबर आहे. आमच्या सान्वीनं काल शाळेत सांगितलं, 'माय मावशी इज इन द गव्हर्न्मेंट.' तिच्या टीचरला वाटलं तू मिनिस्टरच आहेस.

गिरिजा: मेंबर मी, पण व्हिजिटिंग कार्ड यांचं आहे. बघितलंयस का? मोठ्या अक्षरात 'वासुदेवराव', आणि खाली बारीक 'सौ. गिरिजा यांचे पती, जि. प. सदस्य'. आता मेंबर नेमकं कोण, ते वाचणाऱ्यानं ठरवायचं.

नीलिमा: आणि सभेत? तिथे तर तूच बसतेस ना?

गिरिजा: बसते की. पुढच्या रांगेत आम्ही बाया आणि मागे भिंतीला लागून नवऱ्यांच्या खुर्च्या. सचिव विषय वाचतो. 'विषय क्रमांक चार, मंजूर?' मागून आवाज येतो, मंजूर. इतिवृत्तात लिहितात, सौ. गिरिजाताईंनी सूचना मांडली. अडीच वर्षांत मी सत्तावीस सूचना मांडल्यात नीलू, आणि तोंड उघडलंय फक्त चहा प्यायला.

नीलिमा: आणि सह्या?

गिरिजा: सह्या माझ्याच. ते मात्र कायद्यानं चालतं. हे आदल्या दिवशी कागद घेऊन बसतात आणि जिथे जिथे माझी सही लागते तिथे पेन्सिलीनं बारीक फुली मारून ठेवतात. मी फुली शोधायची आणि सही करायची. नंतर हे खोडरबरानं फुली पुसतात. माणूस तसा व्यवस्थित आहे.

नीलिमा: तू वाचत नाहीस?

गिरिजा: नव्हते वाचत. गुरांना पाणी दाखवू की ह्यांचे 'उपरोक्त विषयान्वये' वाचू? पण इथे हॉटेलात टीव्हीवर सगळं अरबी. हे बाकीच्यांबरोबर खाडीपलीकडे सोनं बघायला गेलेले. खोलीत वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून काल वाचलं.

नीलिमा: काय वाचलंस?

गिरिजा: ती माझी पर्स दे. हे बघ. शिक्षण समितीच्या सभेचं इतिवृत्त. ही सभा झालेलीच नाही, पण त्याचं काही नाही, ते नेहमीचं आहे. आठ जणांच्या सह्या हव्यात, सात झाल्यात, आठवी फुली माझी. आता विषय क्रमांक सात वाच.

नीलिमा: 'मौजे... येथील प्राथमिक शाळा... पटसंख्या अपुरी असल्याने... सोमवारपासून बंद करून विद्यार्थ्यांचे नजीकच्या शाळेत समायोजन...' ताई, तुमच्याच गावची शाळा?

गिरिजा: आमचीच. नजीकची शाळा पाच किलोमीटरवर आहे. पुढे वाच.

नीलिमा: 'गवळवाडी येथील ओढ्यावर (पऱ्यावर) पादचारी पूल (साकव) बांधून पूर्ण झालेला असूनही त्या वाडीतील मुले पावसाळ्यात शाळेत येत नाहीत. यावरून पालकांना शिक्षणाविषयी आस्था नसल्याचे दिसून येते.' पण साकव कधी झाला? तू तर दर पावसाळ्यात फोनवर म्हणतेस, पऱ्या भरला, गवळवाडीची पोरं अडकली.

गिरिजा: झालेलाच नाही. दोन माड तोडून आडवे टाकलेत, त्याच्यावरून बकरीसुद्धा जायला बघत नाही. गेल्या वर्षीपासून मी ह्यांना विचारते, साकवाचं काय? हे म्हणतात, पुढच्या बजेटात. अगं, तो कागदावर बांधून झालाय. कठड्यासकट. 'काम समाधानकारक आहे' असं स्थानिक सदस्यानं लिहून दिलंय. आणि स्थानिक सदस्य कोण? मीच.

नीलिमा: तू सही केलीस?

गिरिजा: फुली होती ना तिथे.

नीलिमा: ताई, रडू नको. दे तो नारळ इकडे.

गिरिजा: रडत नाही, संताप आलाय. निवडणुकीला उभी राहिले तेव्हा गवळवाडीतल्या बायांनी माझी ओटी भरली होती. दारू नको, भांडी नकोत, म्हणाल्या, ताई, एक साकव तेवढा करा, पोरं भिजतात. ओटीतल्या त्या तांदळाचा मी भात करून खाल्लाय नीलू. आणि आता लिहायचं की ह्यांना शिक्षणाची आस्था नाही. नऊ पोरं आहेत त्या वाडीतली. चौदाच्या शाळेत नऊ. ती आली नाहीत की पट कमी, पट कमी की शाळा बंद. आणि त्याच्यावर सही माझी.

नीलिमा: मग करू नको ना सही. सिंपल.

गिरिजा: मी नाही केली तर सभापती माझ्या नावापुढे 'हजर, सही राहिली' असं लिहितील. त्यांना वाटा ठाऊक आहेत गं. आम्हालाच नाहीत. थांब, बेल वाजली.

नीलिमा: भाऊजी? या ना. केवढा घाम आलाय. चालत आलात की काय?

वासुदेव: होडीनं आलो. अब्रा. नीलिमा, श्रीनाथराव आहेत का? तातडीचा विषय आहे.

नीलिमा: झोपलेत. फ्रायडेला अकराच्या आत उठवायचं नाही, हा आमच्या घरचा ठराव आहे. सर्वानुमते. तुम्ही आधी पाणी घ्या.

वासुदेव: अगं पाणी कसलं देतेस, गटनेत्यांचं प्रेशर वाढलंय. सदर ट्रॅव्हल एजन्सीला कुलूप आहे. आम्ही सकाळी नऊपासून शटर ठोकतोय.

नीलिमा: तय्यबभाईंची? आज बंदच असणार ना. काल दुपारी एकला ते फॅमिलीला घेऊन अल ऐनला गेले. उद्या सकाळी उघडतील.

वासुदेव: शुक्रवारी कुठलं ऑफिस बंद असतं?

नीलिमा: इथलं. सगळी ऑफिसं. इथे सुट्टी शुक्रवारी असते भाऊजी, रविवारी नाही.

वासुदेव: हे आम्हाला कुणी लेखी कळवलेलं नाही.

गिरिजा: पाच दिवस अभ्यास दौरा चालला होता ना?

वासुदेव: गिरिजा, थट्टेची वेळ नाही. एकतीस पासपोर्ट एजन्सीच्या तिजोरीत आहेत. संध्याकाळी सहाचं विमान. तीनला विमानतळावर पोचायचं, रात्री मुंबई, तिथून तीन गाड्या, सकाळी जिल्ह्याच्या ठिकाणी, अकराला मतदान. आम्ही इथे राहिलो तर गोव्याचे बावीस जण चहा पितापिता अध्यक्ष निवडतील.

नीलिमा: पण पासपोर्ट तिथे कशाला ठेवलेत? हॉटेलमध्ये लॉकर आहे की.

वासुदेव: तो धोरणात्मक निर्णय होता. हॉटेलातून कुणी आपला पासपोर्ट घेऊन परस्पर निघून गेला, गोव्याच्या लोकांना जाऊन मिळाला, तर? म्हणून चंद्रहासरावांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांचे गोळा केले आणि तय्यबभाईंच्या तिजोरीत टाकले.

गिरिजा: स्वतःचासुद्धा?

वासुदेव: सर्वांत आधी स्वतःचा. विश्वास दाखवायला. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

गिरिजा: आपलीच माणसं पळतील म्हणून आपणच कुलूप लावलं आणि आपणच आत अडकलो. वा. आता टाळ्या कोण वाजवतंय?

वासुदेव: आता सगळे माझ्याकडे बघतायत. 'वासुदेवराव, एजन्सी तुमच्या साडूची.' मी किती वेळा सांगितलं, साडू तिथे फक्त अकाउंट्स बघतात. पण दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते, हे परवा जेवताना मीच बोलून गेलो. नीलिमा, उठव गं त्यांना. दहा मिनिटांचं काम आहे.

नीलिमा: उठवते. टॅक्सीनं पाच मिनिटं लागतील, यल्ला, चला, नो प्रॉब्लेम...

गिरिजा: थांब, नीलू.

वासुदेव: का थांब?

गिरिजा: त्याला झोपू दे. अहो, तुम्ही बसा. आंबोळी खा. आणि मला एक सांगा, गवळवाडीचा साकव कुणी बांधला?

वासुदेव: हा विषय आजच्या विषयपत्रिकेवर नाही.

गिरिजा: अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळचे विषय घेतात ना तुमच्यात? परवानगी आहे. बोला.

वासुदेव: तुला कुणी काय सांगितलं?

गिरिजा: कुणी नाही. तुम्हीच दिलेला कागद वाचला. विषय सात.

वासुदेव: तुला वाचायची काय गरज होती? फुली मारून दिली होती ना.

गिरिजा: विचारलं ते सांगा. कोण बांधणारं होतं?

वासुदेव: एक मजूर सोसायटी.

गिरिजा: मजूर कोण तिच्यात?

वासुदेव: आहेत. सतरा सभासद आहेत.

गिरिजा: आणि चेअरमन?

वासुदेव: नीलिमा, जरा पाणी दे.

नीलिमा: देते. पण चेअरमन कोण ते मलाही ऐकायचंय.

वासुदेव: मी. तांत्रिकदृष्ट्या. अगं, अशा नजरेनं बघू नका दोघी. बांधायचाच होता साकव. वर्क ऑर्डर निघाली, मजूर सोसायटीला टेंडर लागत नाही म्हणून तिच्या नावानं काम घेतलं. मग वाटेत जे जे बसलेत त्यांचं त्यांचं देत गेलो. बांधकाम सभापती, इंजिनिअर, गटनेते, पार्टी फंड. राहिलं त्यात साकव होत नव्हता. फार तर कठडा झाला असता.

गिरिजा: मग कठडा तरी बांधायचा. पोरांना धरायला झाला असता.

वासुदेव: आणि ते राहिलेलंही मी घरी आणलं नाही. तुझ्या निवडणुकीला दोन जीप लावल्या होत्या, सात गावजेवणं झाली, त्याची उधारी कशी फिटली असं वाटलं तुला? तुझ्यासाठीच केलं सगळं.

गिरिजा: म्हणजे साकव झाला. मी एकटीच त्याच्यावरून पलीकडे गेले, झेडपीत. पोरं अलीकडेच राहिली.

नीलिमा: भाऊजी, एक विचारू? परवा ताईला मी खाडीवर नेलं होतं. अर्धा दिरहम, म्हणजे सहा रुपये, आणि होडी पलीकडे सोडते. दिवसभर. ताई कितीतरी वेळ नुसती बघत उभी होती. मला वाटलं, तिला दुबई आवडली.

वासुदेव: इथली गोष्ट वेगळी. इथे पैसा आहे.

नीलिमा: अहो, होडी लाकडाची आहे.

वासुदेव: गिरिजा, ऐक. शाळेचा विषय मी बघतो. निवडणूक होऊ दे. चंद्रहासरावांची सून पर्णिका अध्यक्ष झाली की तुला बांधकाम सभापती करायचं ठरलंय. तुझ्याच सहीनं साकव मंजूर करू. पुन्हा.

गिरिजा: पुन्हा? आधीच्या साकवाचं काय? एका पऱ्यावर दोन साकव कसे मंजूर होणार?

वासुदेव: आधीचा पुरात वाहून गेला असं दाखवता येतं. त्याला आपत्ती निधी मिळतो.

नीलिमा: जो बांधलाच नाही तो वाहून गेला?

वासुदेव: कागदावर सगळं वाहतं गं.

गिरिजा: बघितलंस नीलू? ह्यांच्याशी वाद घालून मी हरते ती अशी. अहो, माझी अट ऐका. ठराव नको, आश्वासन नको, सभापतिपदही नको. मी एक पत्र लिहिलंय. त्याच्यावर तुमची सही हवी. मग श्रीनाथ उठेल.

वासुदेव: पत्र? तू? कशावर लिहिलंस?

गिरिजा: माझ्या लेटरहेडवर. अडीच वर्षं तुमच्या बॅगेत असतात ते माझे लेटरहेड. काल तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा एक काढून घेतलं. वाचते. 'मुख्य कार्यकारी अधिकारी साहेबांना नमस्कार. गवळवाडीच्या पऱ्यावर साकव नाही. कधीच नव्हता. कागदावर जो आहे तो माझ्या सहीनं आहे. ती सही मी न वाचता केली, ही माझी चूक. काम घेतलेल्या सोसायटीनं ते केलेलं नाही. पोरं येत नाहीत कारण पऱ्यात पाणी आहे. शाळा बंद करू नये. एकदा स्वतः पावसात येऊन बघावं.' खाली माझी सही झालीय. सोसायटीच्या चेअरमनच्या नावाची जागा मोकळी ठेवली होती, संशय होताच, तुमचं नाव आत्ता घालते.

वासुदेव: 'विषय' नाही, 'संदर्भ' नाही. 'उपरोक्त' तरी कुठे तरी टाक.

गिरिजा: ते टाकलं की कुणी वाचत नाही. मीच वाचत नव्हते.

वासुदेव: आणि हे पाठवणार कुठून?

नीलिमा: एजन्सीत फॅक्स आहे. आणि इंडियात आज वर्किंग डे आहे भाऊजी, तिकडे आता साडेअकरा होत आलेत. साहेब ऑफिसमध्येच असतील.

गिरिजा: लेटरहेडवरच परिषदेचा फॅक्स नंबर छापलाय. आणि दुसरी प्रत त्या पेपरला, आम्ही अज्ञातस्थळी आहोत हे ज्यांना सगळ्यांत आधी कळलं त्यांना.

वासुदेव: गिरिजा, तुला कळतंय का काय होईल? माझ्यावर वसुली लागेल. सोसायटी काळ्या यादीत जाईल. तुझं सदस्यत्व जाईल. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

गिरिजा: कळतंय. रात्रभर तेच कळत होतं. पण तोंड दाखवायचं म्हणता, तुम्ही आत्ता तरी कुठे दाखवताय? गवळवाडीचा विष्णू तुमच्याबरोबर भजनाला बसायचा. वर्ष झालं, तुम्ही त्याच्या वाटेनं जात नाही. लांबून वळसा घालता.

वासुदेव: विष्णूला काय सांगू मी?

गिरिजा: त्याला काही सांगायला नको. तो रोज पोरीला खांद्यावर घेऊन पऱ्यात उतरतो. साकव नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत आहे?

वासुदेव: मी चंद्रहासरावांना विचारून येतो.

गिरिजा: या की विचारून. पासपोर्ट तोपर्यंत तिजोरीत. आणि जुम्म्याची नमाज झाली की टॅक्सी मिळायला वेळ लागतो म्हणे.

नीलिमा: पाऊण तास धरा भाऊजी. प्लस ट्रॅफिक.

वासुदेव: तुम्ही दोघी बहिणी मिळून... मी श्रीनाथरावांना स्वतः उठवतो.

नीलिमा: उठवा. पण मी नाही म्हटलं तर तो किल्ली देणार नाही. या घरात मेंबर आणि मेंबरचे पती वेगवेगळे नाहीत, सगळं मीच आहे. खलास.

वासुदेव: गिरिजा, अडीच वर्षांत तू माझ्यापुढे एवढं बोलली नव्हतीस.

गिरिजा: मागून आवाज यायचा ना, मंजूर म्हणून. आज मागे भिंत आहे, खुर्ची नाही.

वासुदेव: आणि उद्याचं मत? ते तरी आपल्याला देणार आहेस का?

गिरिजा: हात वर करून मतदान असतं ना? तिथे जाईपर्यंत माझा हात काय करेल ते मला ठाऊक नाही. पलीकडचेही काही संत नाहीत, त्यांची एक पाण्याची टाकी मला माहीत आहे. पण हे पत्र आधी जाऊ दे. नीलू, आधी फॅक्स, मग तिजोरी.

नीलिमा: फॅक्स गेल्याचा कागद मशीनमधून बाहेर आला की मगच. श्रीनाथला तसंच सांगते. कपडे काढून ठेवते त्याचे.

वासुदेव: माझ्याकडे पेन नाही.

गिरिजा: हे घ्या. आपल्या निवडणुकीत वाटलेलं आहे, अजून चालतं.

वासुदेव: एवढी गच्च ओळीला ओळ लागलीय. कुठे करू सही?

गिरिजा: तुमच्या नावासमोर. पेन्सिलीनं फुली मारून ठेवलीय.